माझा मंगळ दरवेळी जास्तच का येतो? (दोरा आणि फूटपट्टीने घेतलेले वेध)

गच्चीवरचा गडी | ३ मार्च २०२५, रात्री १०:५२

मंडळी, हिवाळाभर एक रिकामा उद्योग केला, त्याचा हिशोब जुळत नाहीये. मदत करा.

साहित्य: मुलीची तीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी, मधोमध भोक पाडून ओवलेला गोधडीचा दोरा. दोऱ्याला ५७.३ सेंटिमीटरवर गाठ. गाठ दातात धरायची, दोरा ताणायचा, पट्टी आकाशावर आडवी धरायची आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर वाचायचं. ५७.३ का, तर तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ३६० सेंटिमीटर भरतो, म्हणजे पट्टीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे आकाशातला एक अंश. उजेडासाठी मोबाइलला लाल जिलेटीन कागद. ठिकाण सिंहगड रस्ता, म्हणजे आकाश कसलं, तांबूस छतच. पण मंगळ आणि पुनर्वसूच्या दोन तारा, कॅस्टर आणि पोलक्स, तेवढ्यातूनही स्वच्छ दिसतात.

मंगळ ७ डिसेंबरला वक्री झाला आणि २४ फेब्रुवारीला मार्गी. ही उलटी चाल ॲपवर नाही, स्वतः मोजून बघायची होती. पोलक्सपासून मंगळाचं अंतर असं आलं:

७ डिसेंबर: १३.८ अंश (मंगळ पुष्याच्या पुंजक्याशेजारी)
२३ जानेवारी: २.५ अंश
२४ फेब्रुवारी: ७.६ अंश, पण आता पोलक्सच्या पलीकडे, पश्चिमेला

मधल्या नोंदी वहीत आहेत, एकूण एकतीस. उलटी चाल दिसली, अगदी डोळ्यांदेखत! १६ जानेवारीच्या प्रतियुतीच्या (पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य, बरोबर समोर मंगळ) सुमारास तर रोज जवळजवळ अर्धा अंश सरकत होता, शेजारच्या टाकीच्या कठड्यावरून बघणाऱ्या पोरांनाही ते कळत होतं.

अडचण ही, की ॲपमध्ये हेच आकडे सव्वातेरा, २.४ आणि सव्वासात आहेत. माझा आकडा दरवेळी थोडा जास्तच. हात थरथरला असता तर कधी कमी, कधी जास्त यायला हवा होता ना?

वऱ्हाडी_झटका | ३ मार्च, रात्री ११:१५

भाऊ, एकतीस रात्री थंडीत दोरा चावत बसलास, वहिनी काही म्हनल्या नाही का? मंगळ वक्री होता तेव्हा आमचा बी सौदा वक्रीच झाला होता, तिकडलं बी मोजून दे.

गच्चीवरचा गडी | ३ मार्च, रात्री ११:२०

@वऱ्हाडी_झटका, वहिनीच नोंदी लिहीत होत्या. दातात गाठ असताना बोलता येत नाही, मी बोटांनी आकडा दाखवायचो. हा काळ घरात फार शांततेत गेला असं त्यांचं म्हणणं.

गणिताच्या बाई | ४ मार्च, सकाळी ६:४०

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, म्हणून त्यालाच धरते. हात थरथरण्याची चूक दोन्ही बाजूंना जाते आणि सरासरी काढली की बरीचशी विरते. एकाच बाजूला जाणारी चूक सरासरीने जात नाही, एकतीसशे नोंदी घेतल्या तरी नाही. ती उपकरणात असते नाहीतर माणसात.

आता हे बघा: १३.८ भागिले १३.२५. मग ७.६ भागिले ७.२५. मग २.५ भागिले २.४. तिन्ही वेळा उत्तर एकाच्या वर चार-पाच टक्के. म्हणजे चूक ठरावीक अंशांची नाही, ठरावीक प्रमाणाची आहे. पट्टीचा शून्य घसरला असता तर प्रत्येक आकड्यात सारखीच भर पडली असती.

एक विचारते. कॅस्टर ते पोलक्स हे अंतर कधी मोजलंत का? ते काही हलत नाहीत.

गच्चीवरचा गडी | ४ मार्च, सकाळी ९:०५

बाई, मोजलंय! हात बसावा म्हणून रोज सुरुवातीला तेच मोजायचो. वही बघितली. ४.६, ४.८, ४.७, ४.७... सरासरी ४.७.

गणिताच्या बाई | ४ मार्च, सकाळी ९:३०

खरं अंतर साडेचार आहे. ४.७ भागिले ४.५, झालं का तेच?

आता आरशासमोर उभे राहा, दोरा नेहमीसारखा दातात धरा आणि कुणाला तरी शिंप्याची टेप घेऊन पट्टीपासून डोळ्यापर्यंत मोजायला सांगा. दातापर्यंत नव्हे.

गच्चीवरचा गडी | ४ मार्च, रात्री ८:१२

साठ सेंटिमीटर. 🤦

वहिनींनी दोनदा मोजलं, वर हसून घेतलं. मान वर केली की डोळा दातांच्या मागे जातो आणि वरही असतो. अंतर वाढलं, म्हणजे माझा एक सेंटिमीटर एका अंशाहून लहान झाला. सगळ्या नोंदींना १.०४५ ने भागलं: १३.२, २.४, ७.३. तीन महिने मी मंगळाला नावं ठेवत होतो आणि चूक जबड्यात होती.

उंटावरचा शहाणा | ४ मार्च, रात्री ९:४०

वा, भारी! ही पट्टी-दोरा जोडी तुमच्या आधीही आपल्या किनाऱ्यावर येऊन गेली आहे. अरबी खलाशी ‘कमाल’ वापरायचे: लाकडाची चौकट, तिला दोरी, दोरीला गाठी, गाठ दातात. चौकटीची खालची कड क्षितिजावर, वरची ध्रुवावर. अमुक बंदराची अमुक गाठ. पण त्यांना अंश नकोच होते, तीच गाठ त्याच जबड्याने धरली की बंदर सापडायचं. चूक रोज सारखीच असेल तर ती चूकच राहत नाही. तुमची भानगड झाली ती ॲपशी ताडून बघायला गेलात म्हणून.

माणसात असलेल्या चुकीवरून आठवलं. ग्रिनिच वेधशाळेत तारा दुर्बिणीतली तार ओलांडतो तो क्षण घड्याळाच्या टिकटिकीवर कान ठेवून टिपायचे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणजे एक सेकंद चुकला की १५ विकला गेल्या (अंशाचे साठ भाग म्हणजे कला, कलेचे साठ भाग म्हणजे विकला). १७९६ मध्ये तिथला प्रमुख मॅस्केलिन याने किनब्रुक नावाच्या साहाय्यकाला काढून टाकलं, कारण त्याचे वेध साहेबांच्या वेधांपेक्षा ०.८ सेकंदाने उशिरा यायचे. बिचारा आळशी ठरला. पुढे बेसेल नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने हे प्रकरण वाचलं आणि स्वतःचे आणि इतरांचे वेध ताडून बघितले, तर प्रत्येक माणसाचा आपापला ठरलेला उशीर निघाला. साहेबांचाही असणारच. पण नोकरी गेली ती किनब्रुकची.

आंबेघाट | ५ मार्च, दुपारी १:१८

धागा मस्त चाललाय. मधेच एक शंका. १६ जानेवारीला ॲप मंगळाचा भोग (राशीचक्रावर शून्यापासून मोजलेलं अंतर) ११६ अंश दाखवत होतं. त्याच दिवशी पंचांगात मंगळ कर्केत २ अंशावर, म्हणजे ९२. आमच्या घरी रत्नागिरीला टिळक पंचांग, त्याच्या हिशोबाने ९६ च्या आसपास. मंगळ एक, आकडे तीन. इथे तुमच्यासारखं अर्ध्या अंशावरून नाही, २४ अंशांवरून भांडण आहे!

गणिताच्या बाई | ५ मार्च, दुपारी ३:०२

भांडण मंगळावरून नाही, पट्टीचा शून्य कुठे ठेवायचा यावरून आहे. ॲप वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो तो बिंदू) मोजतं, ते सायन. पंचांग ताऱ्यांना धरून मोजतं, ते निरयन. संपातबिंदू दरसाल ५०.३ विकलांनी मागे सरकतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश. सरकत सरकत दोन शून्यांमध्ये आज २४ अंश १२ कला अंतर पडलंय, तेच अयनांश. ११६ वजा २४, ९२. काहीच चुकलेलं नाही.

आता ताऱ्यांना धरून म्हणजे कोणत्या ताऱ्याला? चित्रा बरोबर १८० अंशांवर मानली तर एक शून्य मिळतो, रेवतीतला झीटा नावाचा मंद तारा शून्यावर मानला तर दुसरा. दोन्हींत चार अंशांना किंचित कमी फरक. टिळक पंचांग रेवतीवाल्यांचं. मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीनंतर सरकारी राष्ट्रीय पंचांगाने चित्रा धरली. बाकी वाद गेल्या शतकात पुण्यात इतका झालाय की इथे पुन्हा नको.

आंबेघाट | ५ मार्च, दुपारी ३:४०

अच्छा, म्हणून आमची संक्रांत १० जानेवारीला! लहानपणी शाळेत तिळगूळ चार दिवस आधी नेला की पोरं हसायची. आणि अधिक महिना वेगळा पडला की गणपती महिनाभर आधी. तेव्हा मूर्तिकाराला पटवणं हा स्वतंत्र विषय आहे.

उंटावरचा शहाणा | ५ मार्च, सायंकाळी ६:२५

संक्रांतीवरून एक खोडी काढतो. ‘पानिपतावर संक्रांत कोसळली’ असं आपण म्हणतो, लढाई १४ जानेवारी १७६१ ची म्हणून. पण संक्रांत निरयन आहे आणि आपलं कॅलेंडर सायन, त्यामुळे ती ७०-७२ वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. २६४ वर्षं मागे जा, साधारण पावणेचार दिवस. १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती. भाऊंच्या छावणीत तिळगूळ मिळालाच असेल तर तो लढाईच्या आधीच.

वऱ्हाडी_झटका | ५ मार्च, सायंकाळी ७:१०

काहून बापा सगळ्या म्हणीची वाट लावून राहिला तू.

नेकारकाठ | ६ मार्च, पहाटे २:३३

जर्मनीतून लिहितेय, इथे रात्रीचे दहा वाजलेत. गडीभाऊ, एक योगायोग सांगायचा राहवत नाही. तुम्ही जानेवारीत प्रतियुतीचे वेध घेत होतात त्याच आठवड्यात, १५ जानेवारीला, गायाचं काम थांबलं. गाया म्हणजे युरोपची ताऱ्यांची जागा मोजणारी अवकाश दुर्बीण. १९ डिसेंबर २०१३ ला उडाली, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर बसून अकरा वर्षं स्वतःभोवती गिरक्या घेत राहिली. एक गिरकी सहा तासांची. जवळजवळ दोनशे कोटी तारे.

तिची रचना तुम्हाला ओळखीची वाटेल. तिच्यात दोन दुर्बिणी, एकमेकींशी १०६.५ अंशांच्या कोनात, दोन्हींची चित्रं एकाच कॅमेऱ्यावर पडतात. म्हणजे दूरदूरचे दोन तारे एका पट्टीवर आणायचे. त्या दोघींमधला कोन तसूभर हलला तर? तर तुमच्या जबड्यासारखंच, सगळे आकडे बिघडतील. आणि तो हलतच होता, ऊन लागेल तसा, ठरलेल्या मापापेक्षा जास्त. तो कोन सतत तपासायला आत लेझरचं वेगळं यंत्र बसवलं होतं. शिवाय फार दूरचे, जवळजवळ न हलणारे क्वेसार (लांबच्या दीर्घिकांचे झगझगीत गाभे) धरून सगळी चौकट घट्ट बांधली. ते गायाचे कॅस्टर-पोलक्स.

अचूकता म्हणाल तर चांगल्या ताऱ्यांसाठी विकलेचे पन्नास हजार भाग करा आणि त्यातला एक घ्या.

गच्चीवरचा गडी | ६ मार्च, सकाळी ८:५०

@नेकारकाठ, ताई, माझी चूक अर्ध्या अंशाची. अर्धा अंश म्हणजे १८०० विकला, गुणिले पन्नास हजार... नऊ कोटी पट! गायाला सांगा, पुण्यात एक स्पर्धक आहे.

पण मग एक कळत नाही. दुर्बीण नव्हती तेव्हा, सोळाव्या शतकात, टायको ब्राहेने कितपत गाठलं होतं? त्याच्याकडेही शेवटी डोळा आणि पट्टीच.

उंटावरचा शहाणा | ६ मार्च, सकाळी ११:३०

एका कलेच्या आसपास. म्हणजे तुमच्या तीसपट बरा, आणि तोही नुसत्या डोळ्यांनी. पण त्याची पट्टी बघा. ह्वेन बेटावर राजाच्या पैशाने वाडा, भिंतीत पक्का बसवलेला जवळजवळ दोन मीटर त्रिज्येचा पितळी पाव-वर्तुळ. त्रिज्या मोठी तर एका कलेला जागा जास्त. वाऱ्याने उपकरणं हलतात म्हणून दुसरी वेधशाळा त्याने चक्क जमिनीखाली खणली. क्षितिजाजवळ हवेमुळे तारा वर उचललेला दिसतो, अगदी टेकल्यावर ३४ कलांनी, तेही तो हिशोबात धरू बघत होता.

त्याचे मंगळाचे आकडे त्याचा साहाय्यक केप्लर याच्या हाती पडले. केप्लरने वर्तुळं जुळवून जुळवून बसवली आणि शेवटी ८ कलांचा फरक उरला. दुसरा कुणी ‘चालतंय की’ म्हणाला असता, आधीच्या वेधांत एवढी चूक सहज खपायची. पण टायको ८ कला चुकणारच नाही यावर केप्लरचा विश्वास होता. म्हणून त्याने वर्तुळच टाकून दिलं. १६०९ मध्ये मंगळाची कक्षा लंबवर्तुळ म्हणून छापली. चंद्राच्या थाळीच्या पावभागाएवढा फरक, बरं का.

आंबेघाट | ६ मार्च, दुपारी २:१५

आपल्याकडे कुणी असं मोजत होतं की नुसती पोथी?

गणिताच्या बाई | ६ मार्च, रात्री ९:२०

मोजत होते, आणि तुमच्याच किनाऱ्यावर. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. त्यांचा ग्रहलाघव शके १४४२ चा, म्हणजे १५२० चा. वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेणारे. ग्रहलाघवाची ख्याती अशी की त्यात ज्या-कोज्या (साइन-कोसाइन) कुठेच नाहीत, सगळं बेरीज-वजाबाकी-गुणाकारात. त्यामुळे गावोगावच्या जोशांना पंचांग करता आलं आणि मराठी मुलखात पुढची तीन-चार शतकं तेच चाललं.

पण मला त्यातला एक श्लोक फार आवडतो. कोणता ग्रह कुठून घेतला ते त्यात सांगितलंय. सूर्य सूर्यसिद्धान्ताचा, गुरू, मंगळ, राहू आर्यपक्षाचे (आर्यभटाच्या परंपरेचे), आणि शनी आर्यपक्षाचाच, पण पाच अंश मिळवून. शास्त्रात लिहिलेला शनी आकाशातल्या शनीशी जुळेना, म्हणून सरळ पाच अंश घातले आणि तसं लिहून ठेवलं. तुम्ही १.०४५ ने भागलंत ना, त्याच जातीचं काम.

पुढे तेच ग्रहलाघवी पंचांग आकाशापासून घसरत गेलं. १८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्र्यांनी युरोपीय कोष्टकांवरून ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ काढली. छत्रे म्हणजे टिळकांचे गुरू. मग व्यंकटेश बापूजी केतकरांचं ज्योतिर्गणित. मद्रास वेधशाळेत चिंतामणि रघुनाथाचार्य दिवसा नोकरी म्हणून वेध घ्यायचे आणि घरी दृग्गणित पंचांग काढायचे. सगळ्यांचा हट्ट एकच, छापील आकड्यावर दुर्बीण लावली की ग्रह तिथे दिसला पाहिजे.

भाग्यनगरी | ७ मार्च, सकाळी १०:०४

मद्रास आलं तर आमचं हैदराबादही घ्या. निजामिया वेधशाळेने जगभरच्या फोटोग्राफिक तारासूचीतला उणे १७ ते उणे २३ अंश क्रांतीचा (क्रांती म्हणजे आकाशातले अक्षांश) पट्टा पूर्ण करून दिला. काचेच्या प्लेटा काढायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ठिपक्याची जागा हाताने वाचायची. लाखो तारे, वर्षानुवर्षं.

आणि हे नुसतं जुनं सामान नाही. शंभर वर्षांपूर्वीची जागा आणि आजची जागा, वजाबाकी केली की ताऱ्याची स्वतःची चाल मिळते. जितका काळ मधे जास्त तितकी पट्टी बारीक नसली तरी भागतं. हॅलीने १७१८ मध्ये हेच केलं. ग्रीकांच्या यादीशी ताडून बघितलं तर व्याध, रोहिणी आणि स्वाती जागेवर नव्हते. स्वाती वर्षाला २.३ विकलाच सरकते, पण अठराशे वर्षांत एक अंशाहून जास्त. दोन चंद्रांएवढं!

गच्चीवरचा गडी | ७ मार्च, रात्री १०:३०

म्हणजे कॅस्टर-पोलक्ससुद्धा हलतात? बाई तर म्हणाल्या हलत नाहीत!

गणिताच्या बाई | ७ मार्च, रात्री १०:४५

हलतात. पोलक्स वर्षाला विकलेच्या दोन तृतीयांशाहून कमी. तुमच्या पट्टीवर त्याचा एक मिलिमीटर व्हायला पाचशेहून जास्त वर्षं लागतील. तोवर माझं विधान चालवून घ्या.

नेकारकाठ | २८ मार्च, दुपारी १:१०

धागा वर काढतेय. काल, २७ मार्चला, गाया कायमची बंद केली. आता ती सूर्याभोवतीच्या वेगळ्या कक्षेत फिरत राहील. तिची निम्मी कमाई अजून मोजायचीच आहे, पुढची मोठी यादी डिसेंबर २०२६ मध्ये यायची आहे.

गच्चीवरचा गडी | ३१ मार्च, रात्री ९:१५

काल पाडवा. गुढी उतरवून झाल्यावर गच्चीवर गेलो. मंगळ मार्गी होऊन पुन्हा पोलक्सपाशी आलाय, जवळजवळ जानेवारीतल्याच भोगावर. दोऱ्याची नवी गाठ घातली आहे, आता डोळ्यापासून ५७.३. ॲप आधी उघडायचं नाही असं ठरवलं होतं.

कॅस्टर-पोलक्स ४.५ आलं. आहाहा!

मंगळ-पोलक्स मात्र ४. तीनदा मोजलं, चारच. जानेवारीत त्याच ठिकाणी २.४ होतं. परत जबडा?

गणिताच्या बाई | ३१ मार्च, रात्री ९:४०

नाही हो, आता ॲप उघडा. चारच दाखवेल.

मंगळाची कक्षा आपल्या कक्षेला जवळजवळ दोन अंश कललेली आहे. जानेवारीत तो जवळ होता, साडेनऊ कोटी किलोमीटरवर, तेव्हा तेवढा कल आपल्याला वाढवून दिसत होता, म्हणून वर, पोलक्सकडे चढलेला. आता लांब गेलाय, कल कमी दिसतो, खाली उतरलाय. म्हणून तो गेलेल्या वाटेने परत येत नाही, फास टाकतो. तुमच्या एकतीस नोंदी पोलक्स आणि कॅस्टर दोघांपासूनच्या असतील तर आलेखाच्या कागदावर कंपासने काढा, फास दिसेल.

गच्चीवरचा गडी | ३१ मार्च, रात्री ११:५८

काढला. कॅस्टरपासूनच्या नोंदी सतराच निघाल्या, तरी दिसतोय. चपटा, जरा वाकडा, पण फासच आहे. स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलाय. पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७, मंगळ तेव्हा मघाकडे असेल. तोवर सागवानाची पट्टी करून घ्यावी म्हणतो. सुतार ओळखीचा आहे, पण ‘कशाला हवी’ विचारलं तर काय सांगू?

वऱ्हाडी_झटका | १ एप्रिल, सकाळी ७:३०

सांग, मंगळ मोजाचा हाय. एप्रिल फूल समजून फुकट करून देईन.

बाकी काल आमच्या पोट्ट्यानं बी दोरा बांधला. कॅस्टर-पोलक्स ४.९ येऊन राहिलं. त्याची गाठ नाकाशी हाय, दातात धरली का त्याले हासू येते. बाई, कितीवर बांधू?

गणिताच्या बाई | १ एप्रिल, सकाळी ८:०५

गाठ सोडू नका. त्याला म्हणावं, रोज दहा वेळा तेच मोज आणि ४.९ च येतंय का बघ. मग ४.५ ने भाग.